मावशीच्या फ्लॅटचा हिशेब

फोंड्याला मावशीकडे गेलो की आधी चहा, मग गजाली. यंदा चवथीनंतर गेलो तेव्हा तिने चहाबरोबर वहीच पुढे ठेवली.

"बाबू, एवढं बघून दे. कुळागरातल्या माझ्या वाट्याचे पैसे आलेत. बँकेचं फेडून टाकते. घर मोकळं झालेलं बरं."

८ वर्षांपूर्वी मावशी आणि काकांनी फ्लॅटवर रिव्हर्स मॉर्गेज घेतलं होतं. २००७ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेली ही योजना. साठी उलटलेल्यांनी स्वतःच्याच घरात राहायचं, बँक दरमहा पैसे देते. घर गहाण म्हटलं की आपण गोंयकार दचकतो, म्हणून मस्कतच्या मुलाला दोघांनी सांगितलंच नाही. पुढे काका गेले. महिन्याचे १०,००० मात्र येत राहिले.

वहीतला हिशेब सरळ होता. ९६ महिन्यांचे ९ लाख ६० हजार. तेवढेच तिच्याकडे होते.

मी कॅल्क्युलेटर काढला. व्याज साडेदहा टक्के, दर महिन्याला मुद्दलात मिळणारं. मधे दर बदलला नाही असं धरून आकडा आला सुमारे १४ लाख ९५ हजार. पुन्हा केला. तोच.

"पाच लाखांवर व्याज? मी तर एकही हप्ता चुकवला नाही!"

हप्ता तिला नव्हताच, तोच तर साचत गेला होता. पहिल्या वर्षी व्याज किरकोळ वाटतं. या दराने ६ वर्षं ८ महिने झाले की महिन्याचं व्याज मिळणाऱ्या १०,००० च्या वर जातं. आता ते १३ हजारांवर गेलं होतं. म्हणजे दर महिन्याला कर्ज २३ हजारांनी वाढत होतं.

मुदतीआधी फेडायला दंड नसतो, एवढा दिलासा. तरी गहाणखत रद्द करण्याचा खर्च आहेच. शिवाय व्याज रोज चढतं, त्यामुळे फेडायच्या तारखेचा आकडा बँकेकडून लेखी घ्यायला हवा, आमची वही चालणार नाही.

होते तेवढे भरले तर सव्वापाच लाखांच्या वर उरतात, त्यावर महिन्याला पावणेपाच हजारांच्या आसपास व्याज. आणि घर मोकळं करायचं तर महिन्याचे १०,००० बंद. तिचा दूध-भाजी-औषधांचा खर्च त्यातूनच चालतो. हे बोलायला मला जड गेलं.

"मुलाला फोन करूया?"

"रविवारी तोच करतो," म्हणत तिने १४,९५,००० हा आकडा दुधाच्या हिशेबाखाली लिहिला आणि वही पिठाच्या डब्यामागे सरकवली.