धाकट्या आत्याचं ताट

सांगलीच्या वाड्यात वाढलेली आम्ही भावंडं आता सत्तरीच्या आगेमागे आहोत. जमलो की गप्पा धाकट्या आत्यावर येतात आणि भांडण ठरलेलं. चुलतबहीण म्हणते, तिचं ताट ॲल्युमिनियमचं होतं. तिचा भाऊ म्हणतो, पितळी, कडेला पोचा आलेलं. वेगळं होतं, यावर मात्र दुमत नाही.

घरात टीबी असं कुणी म्हणत नसे. ‘छाती बिघडलीय’, फार तर ‘फोटोत डाग आलाय’. 1953 मध्ये आत्याला मिरजेजवळ वानलेसवाडीच्या सॅनेटोरियममध्ये ठेवलं. स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं झाली, आदल्याच वर्षी वापरात आलेल्या आयसोनायझिडच्या गोळ्या झाल्या, आणि शेवटी डाव्या बाजूच्या वरच्या फासळ्या काढून त्यांच्याखालचं फुप्फुस दाबून बसवलं. खांदा कायमचा उतरला. पोलक्याच्या त्या खांद्यात ती आतून कापसाची घडी शिवून घेई. दोरीवर वाळत घातलेलं पोलकं एकाच बाजूला फुगलेलं दिसे. इंजेक्शनांनी कानही अधू केले. ‘हाक मारू नका, समोर या,’ असं ती सगळ्यांना बजावे.

डॉक्टरांनी अंडं सांगितलं होतं. आमच्या सोवळ्याच्या घरात अंडं! आजीने मागच्या पडवीत स्टोव्ह मांडला, स्वतः अंडं उकडायची, टरफलं गुलाबाच्या आळ्यात पुरायची आणि मग अंघोळ करून देवापुढे बसायची. कुणाची तिला अडवायची छाती झाली नाही, कारण थोरली आत्या 1945 मध्ये त्याच दुखण्याने गेली होती. तिच्या वाट्याला दूध, मोकळी हवा आणि विश्रांती एवढेच उपचार आले. स्ट्रेप्टोमायसिन 1943 मध्ये अमेरिकेत सापडलं होतं. सांगलीच्या वाड्याला त्याचा काय उपयोग?

आत्या बरी झाली तरी ताट वेगळंच राहिलं. घरी राहून औषध घेणाऱ्यांच्या कुटुंबाला, सॅनेटोरियममध्ये गेलेल्यांच्या कुटुंबापेक्षा जास्त धोका नसतो, हे मद्रासमधल्या एका अभ्यासाने 1960 मध्ये मांडलं. आमच्याकडे ते कुणी वाचलं नव्हतं. एका दिवाळीला फराळाच्या पंगतीत आत्या स्वतःच येऊन बसली, आणि आजीने काही न बोलता तिला वाढलं. काका पानावरून उठले, असं चुलतबहीण सांगते. तिचा भाऊ ते साफ नाकारतो. वडिलांची बाजू कुणीतरी घ्यायला हवीच. काका साठीही न गाठता गेले, आत्या ऐंशी ओलांडून.

थोरलीचा फोटो माजघरात होता. तिच्याबद्दल मोठी माणसं एकच वाक्य बोलत : फार सालस होती हो. धाकटीला ते सहन होत नसे.

‘कसली सालस! झब्बूत पत्ते पदराखाली लपवायची. पकडलं की वर मलाच चिडकी म्हणायची.’