नळांची शाकारणी

कोकणातल्या आमच्या घरी वैशाख सरत आला की आगोटीची कामे निघत. कौले उतरवून, फुटकी बदलून घर शाकारले जाई, पडवीला झाप बांधले जात, लाकूडफाटा कोरड्यात रचला जाई. या प्रत्येक कामाला आपल्या भाषेत नेमका शब्द आहे, कारण पावसाचे भय तिने पिढ्यान् पिढ्या अनुभवले आहे. नळातले पाणी गोठेल हे भय मात्र तिच्या वाट्याला आले नाही. त्यामुळे २०२५ च्या दिवाळीच्या सुटीत मिनेसोटाला दादाकडे गेले असताना, "उद्या ट्रेलर विंटराइझ करायचा आहे, येतेस का मदतीला?" असे त्याने विचारले, तेव्हा वर्गात प्रतिशब्दांचा आग्रह धरणारी मी क्षणभर निरुत्तर झाले. मग म्हटले, "म्हणजे शाकारणीच ना?" तो हसला. "शाकारणी बाहेरचे पाणी आत येऊ नये म्हणून. ही आतले पाणी आत राहू नये म्हणून."

ट्रेलर म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचे चाकांवरचे घर. आत झोपण्याची जागा, ओटा, बेसिन, न्हाणीघर, संडास आणि या सगळ्यांना पाणी पुरवणारी टाकी, छोटा पंप व बॉयलर. दादा-वहिनींनी निवृत्तीआधीच तो घेतला आणि सुपीरियर सरोवराच्या काठाकाठाने कित्येक उन्हाळे त्यात काढले. उन्हाळा संपला की तो घराशेजारी उभा राहतो. जानेवारीत तिथला पारा कधी कधी शून्याखाली वीस अंशांच्याही खाली जातो, आणि बंद ट्रेलरमध्ये उष्णता कसली!

पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते, हे आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. उघड्या भांड्यात त्याला वर सरकायला वाव असतो. बंद नळाच्या आणि वळणाच्या मधोमध अडकलेल्या पाण्याला तो नसतो, आणि मग ते नळी, सांधा किंवा तोटीचा पितळी भाग चिरते. दादा म्हणाला, "गंमत अशी की फुटते हिवाळ्यात आणि कळते वसंतात. बर्फ असेपर्यंत चीर बर्फानेच बुजलेली असते."

कामाला क्रम होता. बॉयलर आदल्या दिवशीच बंद करून थंड होऊ दिला होता. आता दाब सोडून त्याची खालची गुडदी काढली. टाकी रिकामी केली, नळ्यांच्या सर्वांत खालच्या ठिकाणच्या दोन तोट्या उघडल्या आणि आतले सगळे नळ मोकळे सोडले, म्हणजे वरून हवा शिरून पाणी निथळते. निथळल्यावर खालच्या तोट्या बंद केल्या. मग झडपा फिरवून बॉयलरला वळसा दिला. तो वगळला नाही तर त्याचे सहा गॅलनांचे पोट भरण्यातच सगळे औषध खर्ची पडते. एरवी दोन-तीन गॅलन पुरतात.

औषध म्हणजे गुलाबी अँटीफ्रीझ. मोटारीच्या इंजिनातले एथिलीन ग्लायकॉल विषारी, आणि चवीला गोड म्हणून अधिकच घातक. पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांत चालते ते प्रोपिलीन ग्लायकॉलचे. पंपाची नळी त्या कॅनमध्ये सोडून पंप सुरू केला आणि मी एकेक नळ उघडत गेले. आधी फुसफुस, मग उरलेसुरले पाणी, मग फिकट गुलाबी, मग पुरते गुलाबी. गरम आणि थंड, दोन्ही. मग शॉवर, मग संडास. शेवटी बेसिनखालच्या बाकदार नळीत राहणाऱ्या पाण्यासाठी प्रत्येक मोरीत कपभर ओतायचे.

कपाटाच्या दाराला आतून दादाच्या अक्षरातली यादी चिकटवलेली होती. एकेक काम झाले की तो पेन्सिलने खूण करी. मी त्या यादीकडे जरा जास्तच लक्ष देत होते. कारण आदल्या रात्री, तो झोपल्यावर, वहिनी म्हणाल्या होत्या, "गेल्या वर्षी बाहेरच्या शॉवरची तोटी उघडायची राहिली. वसंतात पाणी सोडले तर भिंतीमागे फुटलेली, खालची फळी फुगून वर आलेली. विसरला, तर विसरला, माणूसच आहे. पण यादी पाहिली तर त्या ओळीपुढे खूण केलेली होती."

ट्रेलरच्या बाहेरच्या अंगाला एक छोटे दार असते. चिखलाचे पाय धुवायला तिथे शॉवर असतो. मी आतून दादाला पाहत होते. संडासापुढे त्याने खूण केली, आणि लगेच पुढच्या ओळीवरही. बाहेर कोणीच गेले नव्हते.

वर्गात संहितेतले मौन आम्ही किती आत्मविश्वासाने उलगडतो! इथे मला एक साधे वाक्य जुळवता येईना. तो माझ्याहून सोळा वर्षांनी मोठा. माझे पाढे त्याने घेतलेले, माझ्या एम.ए.ची फी त्याने भरलेली. काही न बोलता बाहेर जाऊन तोटी उघडावी, असे मनात आले. तसे केले असते तर काम झाले असते आणि खूणही खरी ठरली असती. पण पुढच्या वर्षी मी तिथे नसणार होते.

"दादा, बाहेरचा राहिलाय," मी म्हटले.

त्याने यादीकडे पाहिले, मग माझ्याकडे. "मी केलाय तो," तो म्हणाला. मग बराच वेळ काही बोलला नाही. पंप घरघरत होता. "नाही का केला?"

"नाही."

"हिने सांगितलेय तुला."

"हो."

तो खाली बसला. मग त्याने खोडरबर मागितले, ती खूण पुसली आणि म्हणाला, "मला माहीत आहे गं. डॉक्टरकडे जायचे तेवढे पुढे ढकलतोय." आम्ही दोघे बाहेर गेलो. तोटी त्याने उघडली, गुलाबी येईपर्यंत मी ओंजळ धरून उभी राहिले. त्याच आठवड्यात वहिनींनी डॉक्टरांची वेळ घेतली आणि या वेळी त्याने ती मोडली नाही.

जानेवारीत फोनवर तो म्हणाला, तिकडे उणे बावीस आहे. मग विचारले, "बाहेरचा आपण केला होता ना?"

"केला होता. तू उघडलास, मी पाहिले."

"मग ठीक आहे," तो म्हणाला. थोड्या वेळाने त्याने पुन्हा तेच विचारले, आणि मी पुन्हा तेच सांगितले.