मी धरलंय



मागच्या महिन्यात मंडळाच्या ग्रुपवर माझा एक फोटो फिरला. डोक्यावर हेल्मेट, हँडलला नंबरची पाटी आणि पायापासून कोपरापर्यंत लाल धूळ. "ह्या वयात हे काय काढलंस?" असं तिघी-चौघींनी विचारलं. एकीनं तर सांगितलं, "मुलीला बघायला येतील त्यांना हा फोटो दाखवू नकोस हो!" त्या सगळ्यांना एकत्रच उत्तर द्यावं म्हणून हा लेख. पण लिहायला बसले तर सायकलीपेक्षा माहेरचीच गोष्ट जास्त आली. ती आधी सांगते.

माझं माहेर जयसिंगपूरजवळचं. बाजारपेठेत अण्णांचं सायकलचं दुकान होतं. दुरुस्ती आणि तासावर भाड्यानं सायकली. संध्याकाळची वेळ खरी धंद्याची, पण अण्णा सूर्य मावळायच्या आत जेवायला घरी यायचे. तेवढा वेळ गल्ल्यावर माझा मोठा भाऊ बसायचा. दर उन्हाळ्यात अण्णा भाड्याच्या सायकलींची चाकं उघडायचे, छर्रे रॉकेलच्या ताटलीत धुवायचे आणि नवं ग्रीस भरून परत बसवायचे. ती ताटली कधी उघडी नसायची. "मुंगी पडंल," म्हणायचे. पंक्चर शोधायच्या घमेल्यातलं पाणी रात्रभर ठेवायचं नाही, झाडाच्या बुंध्याशी ओतून घमेलं पालथं घालायचं, हाही नियमच. दुकानात धर्म असतो तो असा, हे मला फार उशिरा कळलं.

सायकल मला शिकवली दादानं. मोठ्या माणसांची सायकल, मधल्या दांड्याखालून पाय घालून चालवायची. दादा मागून कॅरियर धरून पळायचा. मी खाली पुढच्या चाकाकडं बघायचे आणि पडायचे. तो ओरडायचा, "चाकाकडं काय बघतीस? वाटेकडं बघ. मी धरलंय." एक दिवस मी बस्तीपर्यंत गेले आणि मागं वळून पाहिलं, तर दादा पार दुकानाच्या दारात उभा. त्यानं केव्हाच सोडलं होतं.

अण्णा गेले त्याला आता सहा वर्षं झाली. त्यानंतर वर्षभरातच दादानं दुकान विकलं. मला कळलं ते दुसऱ्याकडून. मला वाटा नको होता, पण एक फोन हवा होता. वर्षश्राद्ध आपल्यात नसतं, पण अण्णांच्या स्मृतिदिनी बस्तीत अभिषेक होता, सगळे नातेवाईक जमले होते. तिथं चारचौघांत मी दादाला म्हणाले, "तू दुकान नाही विकलंस, अण्णांना विकलंस." दादा काही बोलला नाही. चप्पल घालून निघून गेला. त्या वर्षी राखी पोस्टानं पाठवली. पुढच्या वर्षीपासून तीही नाही.

क्षमावाणीला मात्र मी न चुकता मेसेज करायचे. सगळ्यांना जातो तोच, कमळाचं चित्र असलेला. त्याच्याकडून जोडलेले हात यायचे. मैत्रिणींनो, ही क्षमा नव्हे, हे मला माहीत होतं. तुम्हालाही माहीत आहे.

आता सायकलीकडं येते. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी साखर काठावर आहे म्हणून सांगितलं. लेकीची डोंगरात चालवायची सायकल घरात पडून होती. जाड टायर, पुढं दणके सोसणारा फोर्क, भरपूर गिअर. पहाटे रंकाळ्याच्या बाजूनं फिरवता फिरवता कोल्हापुरातला एक गट भेटला. त्यात एक शाळामास्तर आहेत, एक दूध संघातला ड्रायव्हर, एक बँकेतली बाई आणि तीन-चार कॉलेजची पोरं. मी सगळ्यांची काकी. पन्हाळ्याच्या अलीकडल्या पायवाटा मला ह्या पोरांनी दाखवल्या.

ह्या खेळाची जन्मकथा मास्तरांनी सांगितली, आणि ती ऐकून मला अण्णांची फार आठवण आली. ऑक्टोबर 1976 मध्ये अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत, काही तरुणांनी जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरउतारावर शर्यत लावली. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्येच असायचा. उतारावर तो इतका तापायचा की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा, आणि खाली पोचल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. म्हणून त्या शर्यतीचं नावच 'रीपॅक' पडलं, म्हणजे पुन्हा भरणं. बरोबर वीस वर्षांनी, 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ पोचला. मी मास्तरांना म्हटलं, "चाक उघडून ग्रीस भरायचं काम आमच्या अण्णांनी जन्मभर केलं, त्यांची शर्यत कुणी लावली नाही!"

तुमच्यापैकी काही जणी विचारतील, पायवाटेवर जीवजंतू असतात, त्याचं काय? मीही हा प्रश्न स्वतःला विचारला. चार हात जमीन पाहून चालायची ईर्यासमिती मुनींची, आपण श्रावक. पण श्रावक म्हणून सगळंच माफ नाही. म्हणून मी नियम घेतला आहे की चातुर्मासात डोंगरवाटेवर जायचं नाही, फक्त डांबरी रस्त्यावर, तेही उजाडल्यावर. गटातली पोरं आधी हसली. मग मास्तर म्हणाले, पावसात ओल्या वाटेवर चाकं घातली की चर पडतात आणि माती वाहून जाते, तेव्हा काकींचा नियम वाटेच्याही भल्याचा आहे. यंदा अर्धा गट पावसाळ्यात डोंगरावर गेला नाही.

खाण्याचंही तसंच. शर्यतीत लोक जेलची पुडी पिळून खातात, कशात मध, कशात आणखी काय. सोबतची मंडळी उकडलेले बटाटे आणतात. मी माझे लाडू करते: एक वाटी भाजलेले शेंगदाणे, एक वाटी खजूर, अर्धी वाटी भाजलेले तीळ आणि चिमूटभर मीठ. खजूर प्रत्येक उघडून आत बघून घ्यायचा, हे तुम्हाला सांगायला नको. आता गटात सगळ्यांनाच तो लाडू लागतो. मी वीस करून नेते, मला दोन उरतात.

डिसेंबरातल्या त्या शर्यतीच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे पन्हाळ्याच्या पायथ्याला एका घरात मुक्कामाला होतो. जेवण रात्री आठला ठरलं होतं. मी आपला डबा बरोबर ठेवला होता. दुपारी दूध संघातल्या ड्रायव्हरनं विचारलं, "काकी, आज दिवस किती वाजता मावळतोय?" म्हटलं, सहाच्या सुमाराला. तो चुलीपाशी गेला आणि स्वयंपाक करणाऱ्या मावशींना काहीतरी सांगून आला. साडेपाचला सगळ्यांची पानं मांडली होती. कुणी त्यावर काही बोललं नाही. एकटीनं डबा खायची सवय असलेल्या माणसाला ती पंगत काय वाटली असेल, ते तुम्ही जाणालच.

शर्यत हौशी लोकांची. पस्तिशीच्या पुढच्या आम्ही सात बायका, आणि साधारण 11 किलोमीटरच्या दोन फेऱ्या. सुटण्याआधी संयोजकांनी नियम सांगितले. बाहेरच्या माणसाची मदत घ्यायची नाही, मात्र स्पर्धकानं स्पर्धकाला मदत केली तर चालेल.

पहिली फेरी मला बरी गेली. दुसऱ्या फेरीत पुढं तीन बायका होत्या, मी चौथी. तिसरी मला दिसत होती, आणि खरं सांगते, मान कषाय जागा झाला. तिला गाठायचंच म्हणून जांभ्या दगडाच्या उतारावर ब्रेक सोडले. डोंगरात टायरमध्ये हवा कमी ठेवतात, म्हणजे दगडावर पकड बसते. पण हवा कमी आणि वेग जास्त झाला, की टायर दगड आणि रिंगच्या मध्ये चेंगरतो आणि ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. साप चावल्यासारखी. तसंच झालं. मी बाजूला झाले, चाक काढलं, जास्तीची ट्यूब काढली, तर तिचा व्हॉल्व्हच मुळापाशी फाटलेला. सायकलवाल्याची लेक, आणि घरातून निघताना ट्यूब तपासली नाही!

मागून पाचवी आली. बेळगावकडची, नर्स आहे असं नंतर कळलं. मी म्हटलं, "जा तुम्ही, चौथ्या येताय." तिनं सायकल गवतात आडवी टाकली. आपली ट्यूब काढली, टायरच्या आतून बोट फिरवून खडा राहिला नाही ना ते बघितलं, ट्यूब बसवली. माझे हात थरथरत होते. तिनं चाक दोन गुडघ्यांत घट्ट घेतलं आणि म्हणाली, "मी धरलंय. तुम्ही पंप मारा."

मी पंप मारत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. तिला वाटलं, लागलंय. म्हटलं, नाही हो, धूळ गेली.

त्या दहा मिनिटांत सहावी पुढं गेली, सातवीही गेली. शेवटी आम्ही दोघी पाठोपाठ पोचलो, सगळ्यांत शेवटी. आमचा अख्खा गट आणि तिची माणसं रेषेवर थांबली होती. पहिलीला वाजवल्या नसतील एवढ्या टाळ्या वाजवल्या. मी तिला विचारलं, "का थांबलात?" ती म्हणाली, "तुम्ही चाक हातात घेऊन नुसत्या बसला होता. तसं बघून पुढं कसं जायचं?"

घरी येताना गाडीत मला आपला स्वाध्याय आठवत राहिला. सम्यग्दर्शनाची आठ अंगं आपण पाठ म्हणतो. त्यात स्थितिकरण आलं की वारिषेण मुनींची कथा सांगायची. घसरणाऱ्या पुष्पडालला त्यांनी हात धरून परत मार्गावर आणलं. वात्सल्य आलं की विष्णुकुमार मुनी. हस्तिनापुरात सातशे मुनींवर उपसर्ग आला तेव्हा त्यांनी आपली साधना, आपलं मुनिपद बाजूला ठेवलं, धावून गेले, आणि नंतर प्रायश्चित्त घेऊन पुन्हा आपल्या मार्गाला लागले. ते थांबले तो दिवस आपलं रक्षाबंधन. दरवर्षी ही कथा मी मंदिरात ऐकते, घरी येऊन शेवयांची खीर करते, आणि भावाला राखी बांधत नाही. एका अनोळखी बाईनं माझ्यासाठी आपली शर्यत सोडली. मला दादासाठी एक वाक्य परत घेता आलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी दादाकडं गेले. न कळवता. पिशवीत लाडूंचा डबा आणि ती दोन भोकांची ट्यूब. वहिनींनी दार उघडलं आणि काही न विचारता पाणी आणलं. दादा आतून आला. मी ट्यूब त्याच्या हातात दिली. त्यानं ती ताणून बघितली. म्हणाला, "हवा कमी ठेवली होतीस." म्हटलं, "हो."

तो उठला आणि माळ्यावरून अण्णांची पत्र्याची पेटी काढली. पेटी त्यानं ठेवली होती. काचपेपर, सोल्युशन, चिमटा, सगळं त्याच खणांत. वहिनींनी घमेल्यात पाणी आणलं. मी ट्यूब पाण्याखाली धरली, बुडबुडे आले, त्यानं जागा घासली. तेव्हा मी बोलले. "दादा, अण्णांना विकलंस असं मी म्हणाले होते. सगळ्यांसमोर. ते मी बोलायला नको होतं. मला क्षमा कर." खूप वेळ तो सोल्युशनवर फुंकर मारत होता. मग म्हणाला, "त्या दिवशी तुला फोन करायला पाहिजे होता. उचलला आणि ठेवला. तुला सांगितलं तर विकवणार नाही, असं वाटलं. आणि कर्ज तर होतंच." कर्जाचं मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

दुपारचं जेवण करून निघाले. दादानं घमेल्यातलं पाणी तुळशीच्या कडेला नेऊन ओतलं आणि घमेलं पालथं घातलं.

बेळगावच्या बाईंना मी नवी ट्यूब पाठवली, लाडूंसह. दादानं जोडलेली ट्यूब माझ्या सीटखालच्या पिशवीत आहे. निघण्याआधी आता ती तपासते.

मैत्रिणींनो, क्षमावाणीला अजून अवकाश आहे. पण कुणाची नावानं, वाक्य सांगून क्षमा मागायची राहिली असेल, तर तेवढं थांबू नका. आणि कमळाचा मेसेज त्यांना पाठवू नका. घरी जा.

जय जिनेंद्र.