तौलिया आणि टॉवेल: एकाच घरचे!

तौलिया पोर्तुगीज आहे! हिंदी सिनेमात, रेल्वेच्या डब्यात, नागपूरकडच्या नातेवाइकांच्या तोंडी ऐकलेला, पक्का उत्तरेकडचा वाटणारा तौलिया पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर आला, हे कळल्यापासून जो भेटेल त्याला मी थांबवून सांगतो आहे.

मूळ शब्दाचा उच्चार साधारण ‘तुआल्य’. शेवटचं ते जोडाक्षर ऐका! हिंदीने ते सोडवून ‘लिया’ केलं, कोकणीने नुसत्या ‘ल’वर भागवलं आणि म्हटलं तुवालो. मल्याळममध्ये तुवाल. समुद्रापार मलय भाषेत तुआला. किनाऱ्याकिनाऱ्याने चाललेल्या व्यापाराची अख्खी वाट एका अंग पुसायच्या फडक्यावर उमटलेली! आणि मुंबईकर जिला बालदी म्हणतात, तीही पोर्तुगीजच. म्हणजे अंघोळीला बसतानाही तेच आणि उठतानाही तेच. चावी, पगार, घमेलं यांचं मूळ शाळेतच कानावर पडलं होतं, पण न्हाणीघरापर्यंत ही मंडळी पोचली असतील असं कुणी सांगितलं नव्हतं.

पण थांबा, खरी मजा पुढे आहे. आपला टॉवेल इंग्रजी. इंग्रजांनी तो उचलला जुन्या फ्रेंचमधून. आणि तो फ्रेंच शब्द, पोर्तुगीज शब्द, स्पॅनिश शब्द, सगळे जाऊन पोचतात जर्मानिक भाषांतल्या एकाच जुन्या धातूपाशी, ज्याचा अर्थ धुणे! म्हणजे तौलिया आणि टॉवेल हे एकाच आजोबांचे नातू. एक लिस्बनहून आला, दुसरा लंडनहून, आणि दोघे आपल्याकडे एकाच दोरीवर वाळत पडले. त्यांचा इटलीतला भाऊबंद, तोवाल्या, तर थेट जेवणाच्या टेबलावर पसरला. तिथे त्याचा अर्थच टेबलावरचं कापड.

मग आपली नावं बघावीशी वाटतात. अंगपुसणं कामावरून, पंचा मापावरून, पाच हातांचा म्हणून. रुमाल फारसी: रू म्हणजे चेहरा, माल म्हणजे पुसणारा. आणि या चेहरा पुसणाऱ्याने मराठीत काय काय करावं! तो डोक्याला बांधला गेला, पेशवे दफ्तरातल्या कागदांभोवती गुंडाळला गेला. पुण्याच्या पुराभिलेखागारात ते दफ्तर रुमालांतच मोजतात.

ही सगळी वाट उघडून देणारा माणूस आपल्या शेजारचा, गोव्यातल्या आसगावचा. सेबास्तियांव रुदोल्फो दालगादो, जन्म १८५५. धर्मगुरू असलेल्या या विद्वानाने सुमारे ५० आशियाई भाषांत शिरलेले पोर्तुगीज शब्द गोळा केले आणि १९१३ साली त्यांचा ग्रंथ केला. त्याचं इंग्रजी भाषांतर १९३६ साली छापलं कुणी? बडोद्याने, गायकवाडांच्या प्राच्य ग्रंथमालेत! जुन्या ग्रंथालयात सापडला तर कुठलंही पान उघडा आणि रोजच्या वापरातला एखादा शब्द शोधा.