तुळाजीचं पाणी

परवा शेवगावच्या एसटी स्टँडसमोरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत एक होडी गेली. ताजं डांबर लावलेली, नाक फाळक्याबाहेर आलेलं. नाथसागराकडे, मुंगीच्या अंगाला चालली असणार. मागे सरकीच्या पोत्यांचा टेम्पो हॉर्न वाजवत होता, आणि मला तुळाजी आंग्रे आठवला.

कान्होजींचा हा मुलगा. कान्होजींचं नाव मुंबईतल्या नौदलाच्या तळाला आहे. मला मात्र तुळाजी जवळचा वाटतो. 1743 पासून विजयदुर्गाचा सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख. हट्टी, पेशव्यांना न जुमानणारा, पण समुद्र अंगात मुरलेला. त्याच्या गुराबांची, म्हणजे मोठ्या लढाऊ जहाजांची, नाळ लांब पुढे आलेली, तोफा तिच्यावरून थेट समोर डागायच्या. वारा पडला की गलबतं वल्ही मारत गुराबांना दोराने ओढून न्यायची. आधी शत्रूच्या डोलकाठ्या पाडायच्या. जहाज लुळं पडलं की गलबतांतली माणसं तलवारी घेऊन वर चढायची.

फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले, तेही नानासाहेब पेशव्यांशी संगनमत करून. तुळाजी तेव्हा बोलणी करायला मराठ्यांच्या छावणीत गेलेला. एक तोफगोळा नेमका इंग्रजांकडूनच जिंकून आणलेल्या ‘रिस्टोरेशन’ जहाजावर पडला. तिथून आग शेजारच्या गुराबेवर, मग पुढच्या. बाप-भावांनी उभं केलेलं आरमार दाटीने नांगरलेलं होतं, ते नांगरल्या जागीच जळालं. नानासाहेबांचा हा निर्णय मला कधीच पटलेला नाही. घरचा माणूस डोईजड झाला म्हणून घरचं आरमार परक्याकडून जाळून घ्यायचं? जिंकलेला किल्लासुद्धा इंग्रजांनी बाणकोट पदरात पाडून घेतल्यावरच सोडला.

तुळाजी मरेपर्यंत पेशव्यांच्या कैदेत राहिला. आमच्याकडे मृगाआधी नैर्ऋत्येचा वारा सुटतो, धुळीचे लोट उठतात, माणसं कपाशीचं बियाणं आणायला धावतात. त्याच वाऱ्याच्या धास्तीने कोकणात होड्या वर ओढून शाकारतात. कोठडीच्या झरोक्यातून तो वारा अंगाला लागला की तुळाजी मनातल्या मनात शिडं उतरवत असेल. श्रावणात वारा मऊ झाला की पुन्हा चढवत असेल.

विजयदुर्गाजवळ गिर्ये इथे, वाघोटन खाडीकाठी मराठ्यांची गोदी आहे, खडकात खोदलेली. भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला ते कोरड्यावर टेकलं की तळ साफ करायचा. ती मला बघायचीय, ओहोटीच्या वेळीच.