उलव्याची टेकडी आणि जेटची झळ

बेलापूरहून उरणची लोकल पकडून बामणडोंगरीला उतरलो. बाहेर पडताच उलव्याचे टॉवर अंगावर येतात. त्यांच्या पूर्वेला नवी मुंबई विमानतळाची विस्तीर्ण सपाटी आहे. इथेच सुमारे ९० मीटर उंचीची उलवे टेकडी होती. ती सुरुंगांनी फोडली, उलवे नदीचं पात्र वळवलं, दलदलीत भराव टाकला, तेव्हा कुठे ३,७०० मीटरची धावपट्टी आखता आली.

एवढी लांब धावपट्टी विमानांना पूर्वी लागत नसे. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले, ते जुहूच्या साध्या मातीच्या मैदानावर. पावसाळ्यात तिथे पाणी भरलं की सारा बाडबिस्तरा पुण्याला हलायचा. प्रॉपेलर संथ वेगातही भरपूर हवा मागे लोटतो, म्हणून विमान थोडक्या जागेत उचललं जाई.

जेटने हे सगळं पालटलं. सोव्हिएत याकोव्हलेव्हच्या मंडळींनी याक-३ या प्रॉपेलरच्या लढाऊ विमानातलं पिस्टन इंजिन काढून त्या जागी जर्मन युमो ००४ जेट इंजिन बसवलं. पंख बहुतांशी तेच ठेवले. पण इंजिनाचा जाळ पोटाखालून जाऊ लागला, म्हणून पोटाला पोलादी पत्रा ठोकला, शेपटीचं रबरी चाक काढून पोलादी बसवलं. २४ एप्रिल १९४६ ला हे याक-१५ उडालं. मला यातलं ते चाक सर्वांत बोलकं वाटतं. ते वाचवता आलं, खालचं गवत मात्र वाचणार नव्हतं. जेटला काँक्रीटच हवं. शिवाय सुरुवातीची जेट इंजिनं वेग घ्यायला सुस्त, म्हणून ते लांबलचक हवं.

स्वीडननेही १९४७ मध्ये आपल्या प्रॉपेलरच्या साब-२१ मध्ये ब्रिटिश गॉब्लिन इंजिन घातलं. त्याच घराण्यातलं इंजिन असलेली व्हॅम्पायर विमानं १९४८ मध्ये भारतीय हवाई दलात आली. टेम्पेस्ट, स्पिटफायर ही प्रॉपेलरची विमानं उडवलेले वैमानिक तेव्हा जेट शिकले.

याकच्या चाकाची नोंद विमानांच्या इतिहासात आहे. उलव्याच्या विमानतळासाठी तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, वाघिवली इथून उठलेल्या घरांची नोंदही तेवढ्याच बारकाईने व्हायला हवी. जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली १९८४ मध्ये याच पट्ट्यातली माणसं लढली, गोळीबारात पाच जण गेले.

११ ऑक्टोबर २०२४ ला उलव्याच्या या धावपट्टीवर पहिलं उतरलं ते हवाई दलाचं सी-२९५. त्याला प्रॉपेलर आहेत, पण ते फिरवतं टर्बाइन, म्हणजे जेटचंच भावंड. त्याच दिवशी सुखोई-३० ही वरून गेलं.