माळ्यावरची ट्रंक

सासरी गेलेल्या मुलीच्या माहेरी राहिलेल्या वस्तू कोणाच्या, या प्रश्नाला कायदा एक उत्तर देतो आणि घर दुसरेच. दागिन्यांपुरते उत्तर स्पष्ट आहे. स्त्रीधन सर्वस्वी तिचे. तिच्या संमतीवाचून वडिलांनाही त्यावर दावा सांगता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटले. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीला मुलाइतकाच वाटा दिला. तरीही आमच्या नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात कितीतरी बहिणी हक्कसोडपत्रावर मुकाट्याने सही करतात.

राहुरीजवळच्या आमच्या घरीही तेच घडले. धाकट्या बहिणीने जमिनीवरचा हक्क सोडला तेव्हा अवाक्षर काढले नाही. पुढे माळा आवरताना वहिनींनी तिच्या ट्रंकेतल्या वह्या-पुस्तके रद्दीत घातली आणि ट्रंक भंगारात दिली, तेव्हा मात्र ती वर्षभर माहेरी फिरकली नाही. वहिनींचे म्हणणे अगदीच गैर नव्हते : वीस वर्षांत कोणी न्यायला आले नाही, शिवाय मुलांना जागा हवी. आई दोघींची बोलणी खात राहिली.

एवढी जमीन सोडणारी बाई जुन्या वह्यांसाठी का भांडते, असे आम्हां भावंडांना सगळ्यांनीच विचारले. आम्हांला वाटते, तिने वाटा सोडला होता, घर नव्हे. ट्रंकेच्या झाकणावर पांढऱ्या रंगात तिचे माहेरचे नाव होते. सातबाऱ्यावरून नाव कमी झाल्यावर त्या घरात ते तेवढ्याच एका जागी उरले होते.